फोटोत कोण कोण होतं

योगिनी शिवलकर उलट्या चालतात. घरात, बाजारात इतरांसारख्याच. पण गळ्यात कॅमेरा अडकवला की पाठ वाटेकडे आणि तोंड माणसांकडे. शिमग्यात पालखी नाचत येते तेव्हा तिच्यापुढे दहा पावलांवर त्या मागे मागे सरकत असतात. मोर्चा असला तरी तसंच. गटारावर झाकण कुठे नाही आणि गतिरोधक कुठे आहे, हे त्यांच्या टाचांना पाठ आहे. एका मोर्च्यात सगळ्यात पुढे चाललेला पुढारी काळजीने म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, पडाल."

"मी तीस वर्षांत एकदा पण पडले नाय," योगिनीताई म्हणाल्या. "तुमी दोन निवडणुकांत दोनदा पडलात. हनवटी वर करा."

त्याने हनुवटी वर केली. तो फोटो अजून त्याच्या कार्यालयात लावलेला आहे.

त्यांचा स्टुडिओ मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दहा बाय बाराचा. एकोणिसाव्या वर्षी त्या तिथे निगेटिव्हवर रिटच करायला लागल्या. चेहऱ्यावरचा डाग, देवीचे वण, डोळ्यांखालचं काळं, सगळं टोकदार शिसपेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांनी झाकायचं. पुढे मालक मुलाकडे मुंबईला गेले ते परत आले नाहीत आणि दुकान यांच्याकडे राहिलं. इतकी वर्षं लोकांचे डाग झाकले म्हणून असेल, पण स्वतःचा कॅमेरा हातात आल्यावर त्यांनी झाकाझाकी बंद केली. स्थळांना दाखवायचा फोटो काढायला आलेली मुलगी म्हणते, "ताई, वायच गोरी करा ना." उत्तर ठरलेलं. "रंग तुज्या आयशीनं दिलाय. तिला इचारून ये, मग बदलते."

शाळांची स्नेहसंमेलनं, ज्ञातीचे मेळावे, डबलबारीची भजनं, मासळीचा लिलाव, अंगणवाडी सेविकांची धरणी, एसटीचा संप, काही सोडत नाहीत. मोर्च्याला त्यांना कोणी बोलावत नाही. त्या जातात. "बोलावलं की बोलावणाऱ्याचा फोटो मोठा काढावा लागतो," असं त्यांचं म्हणणं.

कार्यक्रम कोणताही असो, पुढची पद्धत एकच. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो लहान आकारात छापायचे, प्रत्येकाखाली नंबर घालायचा आणि स्टुडिओबाहेरच्या फळ्यावर लावायचे. लोक येतात, बोट ठेवतात, "हा माझा," म्हणतात. मग टेबलावरच्या लांबट वहीत नंबर, त्यापुढे नाव, वाडी आणि किती प्रती. फोटोत आलेल्या माणसाला स्वतःचा फोटो बघायला मिळाला पाहिजे, नाहीतर आपण त्याच्याकडून काहीतरी उचलून आणलं असं होतं, असं त्या मानतात. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, तरी त्या फळ्यापुढे गर्दी होते. मोबाइलमधला फोटो एकट्याने बघायचा असतो, फळ्यावरचा चारजणींनी.

गेल्या जानेवारीत या पद्धतीनेच घात केला.

शहराबाहेर खाडीच्या कडेला शेवरवाडी आहे. वाडीतून खाली खाडीकडे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट जाते. आमच्याकडे तिला पाखाडी म्हणतात. ओहोटी लागली की वाडीतल्या बायका त्या पाखाडीने उतरतात आणि खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढून आणतात. वरचा उतार एका कंपनीने रिसॉर्टसाठी घेतला आणि पाखाडीच्या तोंडावरच कुंपणाची भिंत घालायला सुरुवात केली. ही वाट पडीक आहे, कोणी वापरत नाही, असं कंपनीने लिहून दिलं होतं. म्हणून एका सोमवारी वाडीतल्या साठेक बायका कंपनीच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला जाऊन बसल्या. दहा ते साडेबारा. योगिनीताईंनी दोनशे चौदा फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लागले. बाजाराला आलेल्या बायका टोपल्या खाली ठेवून बघायला लागल्या.

"ह्यो हात माजा. ह्यो, मागचा."

"हात कसा वळकलास गो?"

"बांगडी माजी हाय ती."

सदतीस नंबरच्या फोटोत गंगाकाकी होत्या. गंगा नागवेकर, सत्तरीच्या, वाडीतल्या सगळ्यात वडील. मूठ वर, तोंड उघडं, खालचे तीन दात स्पष्ट.

"अगो योगे, तोंड केवढं उघडलंय माजं! बंद असलेला नाय काय एखादा?"

"तुमी बंद कधी केलंत, काकी?"

बायका इतक्या हसल्या की समोरच्या सलूनवाल्याने अर्धी दाढी सोडून बाहेर डोकावलं. चार दिवसांत अठरा जणींनी नावं लिहिली. रविवारी गंगाकाकींची लेक सानवी आली. ती सावर्ड्याला एका दवाखान्यात परिचारिका आहे, सासरही तिकडेच. आईचा फोटो बघून तिने दोन प्रती सांगितल्या आणि वहीत एकोणिसावं नाव पडलं, वाडीच्या रकान्यात माहेरचीच शेवरवाडी.

त्यानंतर दोन दिवसांनी गौरव नावाचा एक तरुण पासपोर्टच्या फोटोसाठी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलायला गोड. फोटो छापून होईपर्यंत तो फळ्यापुढे रेंगाळला.

"मॅडम, मोर्च्याचे फोटोसुद्धा लोक घेतात? हौसेने?"

"न घ्यायला काय झालं?" योगिनीताई म्हणाल्या आणि वही उचलून त्याच्याकडे सरकवली. "बघा की. वाडीच्या वाडी हाय ह्यात."

मग त्या फोटो कापायला आत गेल्या.

अकरा दिवसांनी शेवरवाडीत एकोणीस नोटिसा आल्या. दहा ते एक रस्ता पूर्ण अडवला, एकही वाहन जाऊ दिलं नाही, अशी कंपनीची तक्रार होती. तुमच्याकडून शांततेचा भंग होण्याचा संभव आहे, तेव्हा वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र का घेऊ नये, हे दंडाधिकाऱ्यांसमोर येऊन सांगा. याचा सरळ अर्थ वाडीला वकिलाने समजावला. बंधपत्रावर सही केली की वर्षभर त्या भिंतीसमोर उभं राहायचं नाही. राहिलं की आत. आणि भिंत पुरी व्हायला महिनासुद्धा लागणार नव्हता.

सानवी नोटीस घेऊन स्टुडिओत आली. ती संतापलेली नव्हती, गोंधळलेली होती.

"ताई, मी त्या दिवशी ड्युटीवर होते. सावर्ड्यात. हजेरी आहे माझी. आईचं नाव आलं ते समजलं, पण माझं कसं आलं? तेही माहेरच्या पत्त्यावर?"

योगिनीताईंनी नोटिशीला जोडलेली यादी वाचली. मग वही उघडून शेजारी ठेवली. पहिलं नाव, पहिलं नाव. दुसरं, दुसरं. एकोणीसच्या एकोणीस त्याच क्रमाने, शेवटचं सानवीचं. मोर्च्याशी सानवीचं नाव जोडणारी जगात एकच जागा होती, आणि ती त्यांच्या टेबलावर होती.

"त्या पासपोर्टवाल्याला माज्या हातानं दिली गो," त्या म्हणाल्या. "आणि वर फुशारकी मारली."

त्या दिवशी फळा आत आला. दुपारी जहाजावरून नवऱ्याचा, अनिलचा, फोन आला. तो फिटर आहे, आठ महिने समुद्रावर असतो आणि कोणत्याही बिघाडावर पहिला उपाय तोच सांगतो: बंद कर.

"वही फाड, कार्ड पुसून टाक. विषय संपला."

"वही फाडून काय? पानांचे फोटो काढले असणार त्यानं."

"मग निदान गप तरी बस."

"तां मला जमलं असतं तर तू तरी माज्याशी लग्न केलं असतंस काय?"

फोनवर अनिल हसला, पण त्यांना हसू आलं नाही.

दोन दिवसांनी गौरव पुन्हा आला. या वेळी त्याने ओळख लपवली नाही. कंपनीचा स्थानिक व्यवस्थापक.

"मॅडम, तुम्हाला काही त्रास नाही. नावं आमच्याकडे आहेत. फाटकावरचा कॅमेरा आतल्या बाजूला आहे, त्यात त्या बायका आल्या नाहीत, एवढीच अडचण आहे. तुम्ही फक्त यायचं, फोटो दाखवायचे, त्या ह्याच म्हणायचं. रिसॉर्ट सुरू झाला की लग्नं, कार्यक्रम, सगळं काम वर्षभर तुमचंच."

योगिनीताईंनी ड्रॉवरमधून त्याच्या पासपोर्ट फोटोची एक उरलेली प्रत काढून टेबलावर ठेवली.

"ह्यात तुमचे दोनी कान दिसतायत बघा. नियमच हाय तसा. आता ते वापरा आणि नीट ऐका. उठा."

तो गेला. पण त्याने नकळत एक गोष्ट सांगून टाकली होती. त्या बायका तिथे होत्या याचा पुरावा फक्त योगिनीताईंकडे होता. शटर अर्धं ओढून त्यांनी दोनशे चौदा फोटो संगणकावर एकेक करून पाहिले. त्यांच्या लक्षात जे आलं त्याने त्या आणखी अडचणीत सापडल्या, कारण दहा एकेचाळीसला बायकांसमोरून एसटी चालली होती. अकरा वीसला बर्फाचा टेंपो. अकरा बावन्नला परतीची एसटी, खिडकीतून एक माणूस हात हलवतोय. बारा सातला खुद्द कंपनीचा सिमेंटचा मिक्सर फाटकातून बाहेर पडून निघून गेला होता. रस्ता अडवलाच नव्हता. प्रत्येक फोटोत हे दिसत होतं. आणि प्रत्येक फोटोत बायकांची तोंडंही दिसत होती.

संध्याकाळी त्या शेवरवाडीत गेल्या. गंगाकाकींच्या घरापुढच्या खळ्यात, अंगणात, बायका जमल्या होत्या. योगिनीताई बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं: वही त्यांची, दिली त्यांनी, नावं तिथूनच गेली.

मग गंगाकाकी म्हणाल्या, "तुला आमी नावं फोटोसाटी दिली व्हती."

"व्हय."

"आमाला न इचारता तू ती दुसऱ्याला दाकवलीस."

"व्हय, काकी."

"बरं. आता बस. उबी राहून काय शिक्षा कमी व्हणार नाय."

त्या बसल्या. मिक्सरचा फोटो, एसटीचा फोटो, त्या फोटोंचा उपयोग आणि धोका दोन्ही त्यांनी सांगितलं. वकिलाचा सल्ला वेगळा होता: आम्ही तिथे नव्हतोच म्हणा, कंपनीकडे कागदावरच्या नावांशिवाय काही नाही, सुटाल. सानवीलाही ते पटलं होतं.

"आई, एवढंच तर म्हणायचं आहे. नव्हतो."

"नव्हतो म्हटलं की मग पाखाडी मागायला गेलं कोण?" गंगाकाकी म्हणाल्या. "ते लिवतायत, वाट कोण वापरत नाय. आमी पण सांगायचं, आमी नव्हतोच. मग त्यांचंच खरं झालं की गो."

दर्शना नावाची तिशीतली बाई मघापासून चुळबुळत होती. ती एकदम म्हणाली, "ता राहू दे. मला नोटीस का नाय आली? मी पयल्या रांगेत व्हते!"

"फोटो सांगितलास काय तू?" योगिनीताईंनी विचारलं.

"नाय. मी जाडी दिसत व्हते."

खळ्यात हशा पिकला. योगिनीताई मात्र तिच्याकडे बघत राहिल्या. "दर्शना, तू येशील काय तारखेला? हांच सांगायला?"

"जाडी व्हते म्हणून?"

"व्हय."

"येईन. पण कारण तुमी सांगा."

निघताना योगिनीताई चाचरत म्हणाल्या, "ह्याच्यापुढं मी मागून काढीन फोटो. तोंड दिसणार नाय कोणाचं."

गंगाकाकींना हे भिंतीपेक्षा जास्त लागलं. "पाठ काय दाकवायची? आमी काय चोरी केली? तोंड काढ. फक्त इचारून काढ."

बुधवारी अकराला दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत सुनावणी होती. ओहोटी दीडला. तिथूनच परस्पर खाडीवर जायचं म्हणून बायका टोपल्या आणि कालवं काढायच्या बारक्या कोयत्या घेऊनच आल्या. दारातला शिपाई महिपत हबकला.

"हत्यारं घेऊन आत? आवशे, नोकरी जाईल माजी!"

"तूच सांबाळ मग," म्हणत गंगाकाकींनी एकोणीस कोयत्या त्याच्या स्टुलाखाली ओळीने लावल्या. "मोजून परत घेणार हाय."

साहेब मध्यमवयीन, थकलेले, समोर फायलींची चळत. गौरव यादी घेऊन एका बाजूला. साहेबांनी पहिलं नाव पुकारायच्या आत योगिनीताई पुढे झाल्या आणि ती यादी कुठून आली ते सांगितलं. वही टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्या वहीत फोटोत कोण होतं ते लिहिलेलं नाही. फोटो कोणाला हवा होता ते लिहिलेलं आहे. ही सानवी. ती सावर्ड्यात होती, ही तिची हजेरी. तिला आईचा फोटो हवा होता, म्हणून नोटीस. आणि ही दर्शना. ही पहिल्या रांगेत होती. हिला फोटो आवडला नाही, म्हणून नोटीस नाही."

दर्शनाने मान डोलावली. साहेबांनी तिच्याकडे, मग गौरवकडे पाहिलं. गौरव कागद चाळायला लागला.

मग योगिनीताईंनी लॅपटॉप उघडला. एसटी, टेंपो, एसटी, मिक्सर. प्रत्येकाखाली तास, मिनिट, सेकंद.

"कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं कशावरून?" गौरवने विचारलं. प्रश्न चांगला होता.

त्याचं उत्तर लग्नांनी दिलं. मुहूर्त टळला की नाही यावरून इथल्या लग्नात दोन्हीकडची मंडळी नंतर हमखास भांडतात आणि साक्षीला फोटोग्राफरला ओढतात. म्हणून योगिनीताई कुठल्याही कार्यक्रमाचा पहिला फोटो समोर दिसेल त्या घड्याळाचा काढतात. मोर्च्याचा पहिला फोटो त्यांनी पडद्यावर आणला. रखवालदाराची केबिन, भिंतीवर घड्याळ, दहा वाजून चार मिनिटं.

"कॅमेरा दहा एक दाखवतोय. म्हणजे तीन मिनिटं मागे. तेवढी धरा." त्या गौरवकडे वळल्या. "घड्याळ तुमचंच आहे. चुकत असेल तर बदलून घ्या."

साहेब पुढे वाकून बघत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, रस्ता चालू होता हे दिसतंय. पण ह्या बायका तिथे होत्या हेही यातूनच सिद्ध होतंय. हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. त्यांना विचारून आणलेत."

"सदतीस नंबर मी," गंगाकाकी उठून म्हणाल्या.

"बावीस. त्यो मागचा हात माजा."

"एकसष्ट."

"मी एकसष्टातच, डावीकडची."

"एकेका वेळी, एकेका वेळी," साहेब म्हणाले, पण अठराही उभ्या राहिल्या, आपापला नंबर सांगून. शेवटी सानवी उठली.

"मी नव्हते, साहेब. पुढच्या वेळी रजा काढून येईन."

महिपतने दारातून खोकल्याचं निमित्त केलं.

"बंधपत्रावर सही करायला तयार आहात?" साहेबांनी विचारलं.

"आमी काय मोडलं नाय, तर सही कसली?" गंगाकाकी म्हणाल्या. "आत टाकायचं तर टाका. पण आज लवकर सांगा, ओहोटी लागंल."

साहेबांनी सानवीची नोटीस तिथेच रद्द केली. फोटो दप्तरी घेतले, कंपनीने मिक्सरबद्दल लेखी खुलासा द्यावा असं लिहिलं आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनी दिली. तोवर कोणाकडूनही बंधपत्र घेतलं जाणार नव्हतं. जिंकलं असं काही नव्हतं. पण सहीची जागा एकोणीस कागदांवर कोरी होती.

कोयत्या मोजून घेऊन बायका टेंपोत चढल्या.

पाखाडीच्या तोंडावर भिंत कमरेइतकी आली होती. गवंडी हातात थापी धरून थांबले. मागून गाडी आली आणि गौरव उतरला. "बाई, ही खासगी जागा आहे. इथे फोटो काढायचा नाही!"

योगिनीताईंनी ओढणी कमरेला खोचली, कॅमेरा पोटाशी धरला आणि त्या सगळ्यांच्या आधी भिंत ओलांडून पलीकडे गेल्या. दोन पायऱ्या उतरून त्या वळल्या. भिंतीच्या अलीकडे अठरा बायका, दर्शना आणि सानवी. टोपल्या एकेक करून भिंतीवरून पलीकडे येत होत्या. गंगाकाकींनी लुगड्याचा काष्टा वर ओढला, सानवीच्या खांद्यावर हात टेकला आणि एक पाय भिंतीवर टाकला.

"काकी, काढू काय?" योगिनीताईंनी विचारलं.

"काढ. पण घाई करू नको." गंगाकाकी भिंतीवर घोडा करून बसल्या होत्या, धापा टाकत. "तोंड मागाहून. आधी पाय बघ. पाय पलीकडं पाखाडीवर टेकलेला दिसला पायजे."